लेदर बॅग शिवताना कोपऱ्यावर मशीन टाके सोडते, त्याचं काय करायचं

सरळ कडेवर टीप एकसारखी येते. बघून समाधान वाटतं. मग मशीन कोपऱ्याकडे वळते, पट्ट्याची कडी धरणारी चामड्याची जीभ जिथे आत शिवलेली असते तिथे पोचते, आणि आवाज बदलतो. टक, टक, आणि मधेच एक मुका ठोका. उलटून बघावं तर दोन भोकं रिकामी आणि त्यावरून गेलेला एक लांब सैल दोरा. कापड असतं तर उसवून पुन्हा शिवलं असतं. चामड्यावर सुईचं भोक कायमचं राहतं, त्यामुळे प्रत्येक चूक त्या बॅगवर नोंदली जाते.

माझ्या पहिल्या तीन बॅगांवर हे झालं, तिन्ही वेळा त्याच जागी. दोनदा मशीन दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलं. त्याने दोन्ही वेळा टायमिंग (सुई आणि खालच्या शटलचा मेळ) लावून दिलं, पैसे घेतले, डेनिमच्या तुकड्यावर टीप मारून दाखवली आणि गेला. डेनिमवर टीप छानच होती. चामड्यावर पुन्हा तेच. तेव्हा मला कळायला हवं होतं की डेनिमवर नीट चालणाऱ्या मशीनचं टायमिंग बिघडलेलं नसतं. म्हणून पहिली चाचणी हीच करा: तोच दोरा, तीच सुई, डेनिमच्या दोन घड्या, एक वीत लांब टीप. टाके सुटले तर दोष सुई बसवण्यात, दोरा ओवण्यात किंवा मशीनमध्ये आहे. सुटले नाहीत तर मशीनचे स्क्रू कुणालाही फिरवू देऊ नका. दोष चामड्याच्या थरांत आहे.

माझी मशीन घरात पूर्वीपासून असलेली काळी लोखंडी, फक्त सरळ टीप मारणारी. बॅगचा आराखडा एर्मेस या फ्रेंच घराण्याच्या केली बॅगवरून सुचलेला. ही बॅग 1930 च्या दशकातली. 1956 मध्ये अभिनेत्री ग्रेस केलीचा ती हातात घेतलेला फोटो जगभर गाजला, आणि कंपनीने तिचं नाव अधिकृतपणे बॅगला दिलं ते 1977 मध्ये. वर निमुळता होत जाणारा आकार, पुढे येणारं झाकण, एकच हँडल. मी मापं 28 सेंमी रुंद, 22 उंच, 10 खोल अशी धरली. त्यांचं कुलूप आणि पुढचे पट्टे घेतले नाहीत, नाव किंवा शिक्का तर नाहीच. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा आमच्या गावात लोकांना काय वाटलं ते मी जवळून पाहिलंय. दुसऱ्याच्या कामावरून शिकायचं तर ते कुठून शिकलो ते सांगायचं, एवढं मी पाळते. बॅगा विकायचा विचार असेल तर आकारही आपला वेगळा ठेवा, कारण काही बॅगांच्या आकाराचीच ट्रेडमार्क म्हणून नोंद झालेली असते.

टाका सुटतो म्हणजे नेमकं काय होतं

हे एकदा डोळ्यांनी बघा, पुढचं सगळं सोपं जातं. खालची सरकपट्टी उघडा आणि चाक हाताने, अगदी हळू फिरवा. सुई तळाला जाते, तिथून जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर वर येते, आणि त्या क्षणी सुईच्या मागे दोऱ्याचा छोटासा फुगवटा तयार होतो. शटल म्हणजे खाली फिरणारा टोकदार भाग; त्याचं टोक त्या फुगवट्यात शिरतं, दोरा ओढून खालच्या दोऱ्याच्या बॉबिनभोवती फिरवतं, आणि टाका बसतो. सगळा खेळ त्या फुगवट्याचा आहे.

फुगवटा होतो कारण सुई वर येत असताना कापड जागेवर थांबतं आणि दोरा त्यात जरासा अडकून मागे राहतो. चामडं कापडासारखं सुईला वाट देत नाही, ते तिला आवळून धरतं. सुई वर निघाली की चामडंही तिच्याबरोबर वर उचललं जातं. चामडं, सुई, दोरा तिघं एकत्र वर आले की दोरा मागे राहणार कुठून? फुगवटा होत नाही, शटलचं टोक रिकामंच जातं, टाका सुटतो.

आता बॅगचा तो कोपरा मशीनखाली ठेवा. चाक हातानेच फिरवत राहा आणि दुसऱ्या हाताचं बोट सुईपासून सुरक्षित अंतरावर चामड्यावर अलगद टेकवा. सुई वर येताना बोटाखाली चामडं उचललेलं जाणवेल. माझ्या पहिल्या बॅगच्या कोपऱ्यावर ते इतकं उचललं जात होतं की प्रेसर फूटच्या (चामडं वरून दाबून धरणाऱ्या पायाच्या) पुढच्या टोकाखाली फट दिसायची. ती फट दिसली आणि महिनाभराचं कोडं सुटलं. फूट एका बाजूने उंच थरावर चढलेला, दुसरी बाजू हवेत, आणि सुईच्या भोवती चामड्याला दाबून धरणारं काहीच नाही.

थर मोजा

मी वापरलेलं चामडं म्हशीचं, क्रोम टॅनिंगचं, 1.2 मिलिमीटर जाड. (कोल्हापुरी चपलेचं, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं तळाचं चामडं घरच्या मशीनवर घेऊच नका. ते आरीने टोचून हाताने शिवायचं चामडं आहे.) सरळ कडेवर पुढचा भाग आणि बाजूची पट्टी असे दोनच थर, म्हणजे 2.4 मिलिमीटर. माझी मशीन तेवढं शांतपणे शिवते. पण खालच्या कोपऱ्यावर मी बाजूची पट्टी दुमडून आत घेतली होती, म्हणजे तिचे दोन थर. जीभ कडीतून ओवून दुमडलेली, तिचेही दोन. त्यावर पुढचा भाग. पाच थर, 6 मिलिमीटर. म्हणजे सुईला एका टाक्यात 2.4 वरून 6 वर उडी मारायची होती, आणि फूट तर पूर्ण उचलूनही त्या थरावर घासत होता.

हा तुकडा घेऊन मी कोल्हापूरच्या सुभाषनगरात एका चपला करणाऱ्या काकांकडे गेले. त्यांनी कोपरा अंगठ्याने चाचपला आणि विचारलं, "ताई, कडा तासल्या न्हाईसा व्हय?"

मी म्हटलं, तासायच्या असतात हेच माहीत नव्हतं, मशीन जाड चामड्याची आहे की नाही याचीच चौकशी करत होते.

"मशीन काय करनार ओ तिथं? पायरी केलासा तुम्ही. उतार काढा, उतार."

त्यांनी रापी, म्हणजे चामडं तासायचं रुंद पात्याचं हत्यार, घेतली, दगडी फरशीच्या तुकड्यावर चामडं उलटं, म्हणजे मांसाची बाजू वर करून ठेवलं, आणि रापी जवळजवळ आडवी धरून कडेकडे ढकलली. सुपारीच्या कातरणासारखे पातळ पापुद्रे निघत गेले. कड कागदासारखी होईपर्यंत न थांबता त्यांनी मधेच हात रोखला, चिमटीत धरून जाडी पाहिली आणि म्हणाले, आता बास. निम्म्याहून कमी केलं की शिवण फाटते.

हे घरी करायला रापी नसेल तर नवं ब्लेड घातलेला चांगल्या पकडीचा कटर चालतो, पण एक गोष्ट सांभाळा: चामडं धरणारा हात नेहमी पात्याच्या मागे. पातं बोथट झालं की ते चामड्यात रुततं आणि खड्डा पडतो, म्हणून मी दर दोन कडांनंतर दगडावर धार लावते. पहिले चार-पाच तुकडे फुकट जातील. जाऊ द्या. मी मापासाठी साधा व्हर्नियर वापरते. शिवणीत जाणारी 10 ते 12 मिलिमीटरची पट्टी 0.6 वर आणायची, तीही आतून बाहेर उतरती, म्हणजे जाड भाग जिथे संपतो तिथे पायरी राहत नाही. पाच थर गुणिले 0.6, झाले 3 मिलिमीटर. सहाचे तीन झाले.

जिभेची दोन टोकं एकाच ठिकाणी संपवू नका. एक टोक दुसऱ्यापेक्षा 6-7 मिलिमीटर आखूड ठेवा. त्याने शिवणीखाली एक थर आपोआप कमी होतो.

आणि शक्य असेल तर शिवण बाहेरच ठेवा. केली बॅग दोन पद्धतींनी बनते: सेलिए, म्हणजे कडा बाहेर दिसणारी आणि ताठ, आणि रतूर्ने, म्हणजे उलटी शिवून सुलट केलेली, गोलसर. उलटून शिवायला गेलं की कोपऱ्यावर घड्या येतात आणि जाडी वाढते. घरच्या मशीनला कडा बाहेरची पद्धत कितीतरी सोपी पडते. माझी चौथी बॅग तशी केली आणि निम्मा त्रास तिथेच संपला.

फूट सपाट बसायला हवा

उतार काढल्यावरही थोडा चढ राहतोच. चढाच्या सुरुवातीला फूटचं पुढचं टोक वर जातं आणि उतरताना मागचं टोक वर राहतं. उपाय अगदी साधा आहे. ज्या बाजूला फूटखाली फट असेल त्या बाजूला त्याच चामड्याचा तुकडा, हवा तर दुहेरी, सरकवायचा, म्हणजे फूट पुन्हा आडवा होतो. चढताना तुकडा मागे, उतरताना पुढे. एवढ्याने माझ्या कोपऱ्यावरचे बरेचसे टाके बसायला लागले.

फूटचा दाब वाढवायचा स्क्रू मशीनच्या डोक्यावर, फूटच्या दांडीच्या वर असतो. चामड्यासाठी तो थोडा घट्ट करा. दाब वाढला की खालच्या दात्यांच्या रेघा चामड्यावर उमटतात. त्यासाठी खाली पतंगाचा कागद ठेवून त्यावरून शिवा, नंतर तो ओढला की टाक्यांवरून फाटून निघतो. फूट वरून चिकटत असेल, चामडं पुढे सरकत नसेल आणि टाके आखूड-आखूड पडत असतील, तर टेफ्लॉनचा फूट घ्या. तो मिळेपर्यंत साध्या फूटच्या तळाला मास्किंग टेप लावून सुईसाठी भोक पाडलं तरी काम भागतं.

सुई आणि दोरा

दुकानात लेदरची सुई म्हणून वेगळी मागा. तिचं टोक छोट्या पात्यासारखं असतं, ते चामडं कापत आत शिरतं. साध्या सुईचं टोक चामड्याला फक्त बाजूला सारतं, आणि बाजूला सारलेलं चामडं परत येऊन सुईला आवळतं. दोन थरांसाठी 16 नंबर पुरते, कोपऱ्यासाठी 18 लावते. सुई बसवताना लांब खाच कुठल्या बाजूला येते ते बघा: ज्या बाजूने दोरा ओवतो त्या बाजूला ती असली पाहिजे. उलटी बसलेली सुई सगळीकडेच टाके सोडते. आणि सुई पूर्ण वरपर्यंत सारूनच स्क्रू आवळा. अर्धा मिलिमीटर खाली राहिली तरी शटलचं टोक फुगवट्याला चुकतं.

दोरा सुईच्या मानाने जाड आहे का, हे तपासायची एक सोपी रीत आहे. मशीनवरून काढलेली सुई हातभर दोऱ्यात ओवा, दोरा ताणून तिरका धरा. सुई आपल्या वजनाने खाली घसरली पाहिजे. अडकली तर दोरा जाड किंवा सुई बारीक. मी बॉन्डेड नायलॉन वापरते. सुती दोरा चामड्याच्या बॅगला लावू नका. ओढ सोसत नाही, आणि झाडांच्या सालीत कमावलेल्या चामड्यात तो हळूहळू कुजतोही.

टाका मोठा ठेवा. माझ्या मशीनच्या पट्टीवर इंचाला किती टाके ते आकडे आहेत. मी टाक्याची लांबी ठरवणारा खटका 6 आणि 8 च्या मधे ठेवते, म्हणजे टाका सुमारे साडेतीन मिलिमीटरचा पडतो. बारीक टाके घातले की भोकं जवळजवळ येतात आणि तिकिटासारखी कड त्या रेषेवर फाटते. सुरुवातीला आणि शेवटी मागे-पुढे टीप मारून पक्की करायची कापडाची सवय इथे सोडावी लागते, कारण पात्यासारखी सुई आधीच्या टाक्याचा दोरा कापू शकते. वीतभर दोरा मोकळा सोडा, दोन्ही टोकं आतल्या बाजूला ओढा, गाठ मारा, वर सोल्यूशनचा, म्हणजे चामडं चिकटवायच्या रबरी डिंकाचा, एक थेंब.

सोल्यूशन: ज्यावर मी शेवटी संशय घेतला

टाचण्या चामड्यात भोकं करतात, म्हणून थर चिकटवून घ्यावे लागतात. मी शिवणीच्या पूर्ण पट्टीवर रबर सोल्यूशन लावत होते, आणि तेही ओलसर असतानाच शिवायला बसायची. सुई त्यातून दहा-वीस वेळा गेली की तिच्यावर चिकट थर चढतो. चिकट सुई दोऱ्याला मागे सुटू देत नाही, फुगवटा होत नाही, टाका सुटतो. कोपऱ्यावर सोल्यूशन सगळ्यात जास्त असायचं, म्हणून तिथे दोन कारणं एकत्र येत होती आणि एक दूर केलं तरी दुसरं उरायचं. याच कारणाने दुरुस्ती दोन आठवडे लांबली.

आता सोल्यूशनची फक्त 3 मिलिमीटरची रेघ अगदी कडेला लावते, म्हणजे टिपेच्या बाहेर. दोन्ही बाजूंना लावून पंधरा मिनिटं सुकू देते, बोटाला चिकटेनासं झालं की दाबून जोडते, आणि शक्यतो दुसऱ्या दिवशी शिवते. खिडकी उघडी ठेवा, त्याचा वास डोक्यात जातो. दुहेरी चिकटपट्टी वापरत असाल तर तीही टिपेच्या रेषेत येऊ देऊ नका. आणि तरी दर काही टाक्यांनी सुई थांबवून कापडाने पुसा. बोट लागलं तर कळतं, सुई चिकट असते.

टेन्शनबद्दल, म्हणजे दोऱ्याच्या ताणाबद्दल, फार लिहीत नाही. टाके सुटत असताना लोक आधी टेन्शनच फिरवतात, मीही फिरवत होते. टेन्शनने गाठी वर दिसतात किंवा खाली दिसतात. टाका गाळला जाण्याशी त्याचा फारसा संबंध नाही. जिथे होतं तिथे राहू द्या.

एवढं करूनही एखादा कोपरा ऐकत नाही

तिथे मशीन थांबवायची. कोपऱ्याच्या आधी चार टाके सोडून दोरा तोडा, कोपरा ओलांडून पुढून सुरू करा आणि मधला भाग हाताने शिवा. यात कमीपणा काही नाही. एर्मेसने 1837 मध्ये घोड्याचं सामान बनवायला सुरुवात केली, आणि खोगिराच्या त्या कामातला दोन सुयांचा टाका ते आजही बॅगांना हाताने घालतात. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया. प्रत्येक भोकातून एक सुई पुढून मागे, दुसरी मागून पुढे. मशीनच्या टिपेत वरचा आणि खालचा दोरा एकमेकाला नुसते अडकलेले असतात, एक तुटला की पुढचे टाके सुटत जाऊ शकतात. दोन सुयांच्या टाक्यात एक बाजू झिजून तुटली तरी दुसरी धरून राहते. कडीची जीभ बॅगचं सगळं वजन तोलते, म्हणून ती जागा मी आता मशीनने शिवतच नाही, जाडी कितीही कमी केली तरी.

मशीनवर सुई असू द्या पण दोरा काढा, आणि चाक हाताने फिरवत कोपऱ्यावर नुसती भोकं पाडून घ्या. मशीनच्या टाक्यांच्याच अंतराने भोकं पडतात आणि हाताचा टाका वेगळा ओळखू येत नाही. दोऱ्याला मेण चोळा. सुया बोथट टोकाच्या घ्या, म्हणजे आधीच्या दोऱ्यातून आरपार जात नाहीत. दोन्ही दोरे एकाच वेळी, सारख्या जोराने ओढा. चामडं किंचित दबलं की थांबा.

आधीच शिवून झालेल्या बॅगवर टाके सुटले असतील तरी हाच उपाय. सुटलेल्या टाक्याच्या दोन्ही बाजूंचे चार-चार टाके उसवा, मोकळी टोकं आत घेऊन गाठ मारा आणि त्याच भोकांतून दोन सुयांनी शिवून काढा. नवं भोक एकही पाडू नका. माझ्या पहिल्या बॅगचे दोन्ही कोपरे मी असेच दुरुस्त केले, ती बॅग माझी आई आता बाजाराला नेते.

चौथ्या बॅगपासून मी आधी कोपऱ्याची नक्कल शिवते: त्याच चामड्याचे उरलेले तुकडे, तितकेच थर, तसेच तासलेले, तसंच सोल्यूशन. त्यावर टीप नीट आली तरच बॅग मशीनखाली जाते. तुकड्याच्या मागे बॉलपेनने लिहिते: म्हैस 1.2, कोपरा 3 मिमी, सुई 18, खटका 7, चालला. ते तुकडे एका दोऱ्यात ओवून मशीनच्या खणात ठेवले आहेत. शेळीचं मऊ चामडं आणलं तेव्हा त्याचाही तुकडा केला. त्याच्या मागे लिहिलंय: 16 पुरते, 18 ची भोकं मोठी दिसतात.